सातची घंटा कोणाच्या वाट्याला?

आग्रही: जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो साधारण सव्वासातला. सकाळच्या सत्राची शाळा भरते सातला. म्हणजे परिपाठ होतो तेव्हा धड उजाडलेलंही नसतं. त्यासाठी सव्वासहाला रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजतो, साडेपाचला आई हाका मारायला लागते आणि ती स्वतः पाचला ओट्यापाशी उभी असते. सर, माझ्याकडे सोमवारी सकाळी पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ घेऊन मुलं येतात. तपासणीत काही सापडत नाही. मग मी विचारते, रात्री झोपतोस किती वाजता? लहान असेल तर आई सांगते, अकरा होतात. नववी-दहावीचा असेल तर तो स्वतःच सांगतो, साडेबारा. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये झोपेचं प्रमाण ठरवून दिलं: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा. माझ्यासमोर बसलेल्या मुलाचा हिशोब पाचाच्या पुढे जात नाही. ही तूट मी कुठल्या औषधाने भरू? शाळेची घंटा पुढे नेणं हा असा उपाय आहे, जो एका निर्णयाने लाखो मुलांपर्यंत एकाच दिवशी पोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं तेव्हा म्हणूनच मला मनापासून आनंद झाला.

साशंक: मुलं पेंगतात हे मला कोणी सांगायला नको, डॉक्टर. नववीला पहिल्या तासाला मी बीजगणित शिकवत असे. समीकरण उतरवून घेणाऱ्या मुलाच्या वहीत अक्षरं आधी सरळ, मग ओळ सोडून खाली घसरत जाणारी आणि शेवटी पेनची नुसती तिरपी रेघ. तिथे त्याला डुलकी लागलेली असायची. अशा वह्या मी गठ्ठ्याने तपासल्या आहेत. माझी शंका पुढच्या पायरीवर आहे. घंटा पुढे गेली की झोप वाढते, हे तुम्ही गृहीत धरता. मुलगा अकराला का झोपतो? बाप लोकलने नऊला घरी पोचतो, जेवणं दहाला होतात, मग मालिका, मग मोबाइल. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या राज्यपालांनी, रमेश बैस यांनी, हा विषय काढला तो याच अंगाने: सगळ्यांच्या झोपेच्या वेळा बदलल्या आहेत, मुलं मध्यरात्रीपर्यंत जागी असतात, तर शाळेच्या वेळा बदलाव्यात. मला हे पटलं नाही. रात्र मोठ्यांनी ताणली आणि सकाळ मात्र शाळेने सोडायची! उद्या जेवणं अकराला व्हायला लागली तर शाळा दहाला न्यायची का? दुसरी गोष्ट. खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा पूर्वीपासून दहा-साडेदहालाच भरते, सकाळची शाळा फक्त शनिवारी. तिथे नऊच्या नियमाने काय बदललं? प्रश्न आहे तो शहरातल्या, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांचा. आणि त्यांच्या अडचणी निर्णय काढणाऱ्यांनी मोजल्याचं मला दिसलं नाही.

आग्रही: अडचणींकडे येऊच. पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी घराघरांत रोज भांडणं होतात. पंधरा वर्षांचा मुलगा रात्री जागतो तो केवळ मोबाइलमुळे किंवा आईबापांनी लाडावून ठेवल्यामुळे जागत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे द्रव्य या वयात रात्री उशिरा पाझरायला लागतं. शिवाय दिवसभर जागं राहिल्यावर झोपेची जी ओढ साठत जाते, ती लहान मुलाच्या मानाने सावकाश साठते. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी हे दाखवून दिलं तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल आलेलेही नव्हते. अशा मुलाला दहाला अंथरुणावर पाठवलं तर तो अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहतो. आणि पहाटे साडेपाचला त्याला ओढून उठवलं, तर कापली जाते ती साखरझोप. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि शिकलेलं पक्कं होण्यात, मन ताळ्यावर राहण्यात तिचा वाटा असतो. म्हणजे आपण नेमका तो भाग कापतो आणि मग त्याच मुलाला विचारतो, काल शिकवलेलं आठवत कसं नाही?

यावर नुसती चर्चा झालेली नाही, प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या इडायना गावाने १९९६ मध्ये हायस्कूल सात वीसवरून साडेआठवर नेलं. पुढच्या वर्षी मिनियापोलिस शहराने सव्वासातचं आठ चाळीस केलं. सगळ्यांना भीती होती तुमचीच, की मुलं तेवढीच उशिरा झोपतील. तसं झालं नाही. सिएटलने २०१६ मध्ये सात पन्नासची घंटा पावणेनऊवर नेली. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधले, तेव्हा शाळेच्या दिवसांतली झोप चौतीस मिनिटांनी वाढलेली दिसली. पंचावन्न मिनिटं दिली, त्यातली चौतीस मुलांनी झोपेत घातली.

साशंक: सिएटलचा दाखला देता, मग सिंगापूरचाही द्या. तो आपल्याला जास्त जवळचा आहे. तिथेही परीक्षा म्हणजे जीव की प्राण आणि शाळेनंतर शिकवण्या. २०१६ मध्ये तिथल्या नान्यांग गर्ल्स हायस्कूलने साडेसातची शाळा सव्वाआठला भरवली, पंचेचाळीस मिनिटं पुढे. महिन्याभराने मुली तेवीस मिनिटं जास्त अंथरुणात राहत होत्या. नऊ महिन्यांनी मोजलं तेव्हा प्रत्यक्ष झोपेतली वाढ दहा मिनिटांची होती. त्या मुलींना बरं वाटत होतं, दिवसा पेंग कमी होती, हे मी मान्य करतो. पण पंचेचाळीस मिनिटांतली दहा! एका शाळेच्या वेळापत्रकासाठी शिक्षक, बसगाड्या, पालकांच्या नोकऱ्या हे सगळं हलवायचं आणि हाती दहा मिनिटं? बरं, अमेरिकेचंही सगळंच सरळ नाही. कॅलिफोर्नियाने कायदा केला, हायस्कूल साडेआठच्या आधी नाही, मिडल स्कूल आठच्या आधी नाही, आणि २०२२ पासून तो अमलात आला. फ्लोरिडानेही २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि २०२६ ला तो लागू होण्याआधीच, २०२५ मध्ये, मागे घेतला. बस आणि पैसा, दुसरं काय?

आणि आता मला एक सांगा. कार्स्काडन, इडायना, सिएटल, कॅलिफोर्निया, सगळीकडे तुम्ही बोलताय ते बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांबद्दल. आपला निर्णय आहे चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ पुढे सरकलेलं नाही, त्यांच्यासाठी. हे कसं काय?

आग्रही: हे मला पहिल्या दिवसापासून खटकतंय. लहान मुलांना झोप जास्त लागते, पण ती लवकर यायला तयार असते. घरात दिवे मालवले की सहा वर्षांचं मूल नऊला गाढ झोपतं आणि सहाला आपण होऊन उठून बसतं. त्याच्याबाबतीत घराने मनावर घेतलं तर बरंच काही जमू शकतं. पंधरा वर्षांच्या मुलाबाबत घराने कितीही मनावर घेतलं तरी शरीर ऐकत नाही. तरी मी निर्णयाचं स्वागत केलं, कारण कुठून तरी सुरुवात झाली. मला वाटलं, चौथीचं झालं की आठवीचंही होईल.

साशंक: झालं काय, ते मी सांगतो. एका इमारतीत दोन शाळा चालतात. प्राथमिक सकाळी, माध्यमिक दुपारी, वर्गखोल्या त्याच, बाकं तीच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास भरायला हवेत, सहावी ते आठवीला दोनशेवीस दिवस आणि हजार तास. म्हणजे रोजचे चार-साडेचार तास निव्वळ शिकवण्याचे, त्यात परिपाठ, मधली सुट्टी, दोन सत्रांमध्ये वर्ग झाडायला वेळ. आता प्राथमिक नऊला भरवा. ती दीडच्या आत सुटत नाही. मग माध्यमिक भरेल दीडला आणि सुटेल साडेसहा-सातला. हिवाळ्यात सातवी-आठवीच्या मुली अंधारात घरी जाणार. कोणता मुख्याध्यापक हे पत्करेल? कोणते पालक? मग उरतो एकच मार्ग: माध्यमिक सकाळी सातला, प्राथमिक दुपारी साडेबाराला. नियम पाळला गेला, शिक्षणाधिकाऱ्यांकडे अहवाल गेला. आणि तुमची ती पंधरा वर्षांची मुलं, ज्यांना साखरझोपेची सगळ्यांत जास्त गरज, ती पहाटे साडेपाचला उठायला लागली. निर्णय काढणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण सातची घंटा बंद झाली नाही. ती धाकट्याकडून थोरल्याकडे गेली.

आग्रही: मग उलट करा. शास्त्र तेच सांगतं. कोणाला तरी लवकर यावंच लागणार असेल, तर ते धाकट्यांनी यावं. अमेरिकेत बसगाड्या कमी म्हणून शाळांच्या वेळा पाळीपाळीने लावतात. तिथे अनेक ठिकाणी प्राथमिक आधी आणि हायस्कूल नंतर, अशी अदलाबदल केली गेली.

साशंक: म्हणजे पहिलीतल्या पोराला सव्वासहाला रिक्षात बसवायचं? बोला, डॉक्टर. तुमच्याच दवाखान्यात उभं राहून त्याच्या आईला हे सांगाल?

आग्रही: सव्वासहाला नाही सांगणार. आठच्या शाळेला सांगेन.

साशंक: आठची सोय दोन सत्रांच्या इमारतीत बसत नाही, हे मी आत्ताच मोजून दाखवलं.

आग्रही: बसत नाही, कारण आपण सातला आणि साडेबाराला दगडावरची रेघ मानतो. या घड्याळाबद्दलच मला थोडं बोलायचं आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या पहिल्या जानेवारीला आली, ती साडेब्याऐंशी रेखांशावरून. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. सूर्याच्या हिशोबाने मुंबई प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे आहे. म्हणून तर मुंबईने स्वतःची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज मुंबईत, ठाण्यात, पालघरमध्ये सातला शाळा भरते तेव्हा सूर्याचे सहा एकवीस झालेले असतात. गुवाहाटीला जानेवारीत आपल्या तासभर आधी उजाडतं. तिथली सातची शाळा आणि डहाणूची सातची शाळा यांत मुलाच्या शरीराला एका तासाचा फरक पडतो. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ मागे खेचतो, रात्रीचा उजेड पुढे ढकलतो. आपली मुलं सकाळच्या उजेडाआधी वर्गात ट्यूबलाइटखाली बसतात आणि रात्री उशिरापर्यंत पुन्हा दिव्याखाली. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातली आकडेवारी तपासली. सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथली मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, आणि शाळा मात्र सगळीकडे सारख्याच वेळेला भरते. त्यात गरीब घरातल्या मुलांचं नुकसान जास्त होतं, असंही त्यात दिसलं. आणि ते साहजिक आहे. एका खोलीच्या घरात सगळे झोपतील तेव्हाच मूल झोपणार.

साशंक: गरीब घराचं नाव काढलंत, बरं झालं, कारण माझी सगळ्यांत मोठी अडचण तीच आहे. सकाळी सातला धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडणारी आई नऊच्या शाळेसाठी मुलाला तयार कधी करणार? सातची शाळा असते तेव्हा ती कामावर जाताजाता त्याला फाटकात सोडते. नऊची झाली की ते दोन तास मूल घरात एकटं, किंवा शेजारणीच्या भरवशावर. ज्या घरात आजी आहे, गाडी आहे, घरून काम करणारा बाप आहे, त्या घराला नऊची शाळा सोयीची आहे. गावाकडे अडचण वेगळी. आठवीतल्या मुलीला एसटीचा पास मोफत आहे, पण एसटी दिवसातून तीनदा. शाळेची वेळ आगाराचं वेळापत्रक ठरवतं, मुख्याध्यापक नव्हे. आणि ऊन? मार्च २०२५ च्या अखेरीला याच शिक्षण खात्याने उन्हाच्या तडाख्यामुळे राज्यभरच्या शाळा सकाळी भरवायला सांगितल्या, प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. चंद्रपूरला, अकोल्याला एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर मुलांना पत्र्याच्या खोलीत बसवणं हा छळ आहे, तेव्हा खात्याचं काही चुकलं नाही. पण झोपेसाठी नऊ आणि उन्हासाठी सात, यातून पालकांनी काय समजायचं?

आग्रही: एवढंच, की साऱ्या राज्याला एक आकडा लावणं हेच बरोबर नाही. चंद्रपूरच्या एप्रिलचा नियम मुंबईच्या जानेवारीला लागू होऊ नये आणि मुंबईचा चंद्रपूरला. तुमच्या कामावर जाणाऱ्या आईचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: शाळेचं फाटक सातला उघडावं, वर्ग आठ-साडेआठला भरावा. मधल्या वेळात मुलाला आत येऊ द्यावं, सतरंजीवर पडू द्यावं, खाऊ द्यावं.

साशंक: सांभाळायला माणूस कोण? पगार कोणाचा? मी विरोधासाठी विरोध करत नाहीये. हे प्रश्न मला रोज सोडवावे लागत होते.

आणि समजा खोल्या मिळाल्या, माणूस मिळाला, आठवी ते दहावी दुपारच्या सत्रात गेली. ती मोकळी झालेली सकाळ झोपेला मिळेल असं वाटतं तुम्हाला? आमच्याकडे माध्यमिक दुपारी होती तेव्हा मी पाहिलं आहे. मुलं सकाळी साडेसहाच्या बॅचला क्लासला जायची, तिथून घरी, जेवून शाळेत, सहाला सुटली की दुसरा क्लास. लातूरला, नांदेडला भल्या पहाटे दप्तरं पाठीला लावून निघालेली मुलं पाहा. अकरावी-बारावीचं तर कॉलेजशी टाय-अप, तिथे शाळा नावालाच. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लाससाठी सूचना काढल्या: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, सकाळी फार लवकर नको, रात्री फार उशिरा नको, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको. तुमच्या ओळखीतला एक तरी क्लास सांगा जो यामुळे तासभर उशिरा उघडला. शाळा सरकारच्या हातात आहे म्हणून सरकार शाळेची घंटा हलवतं. क्लासची घंटा हलवायला कोणी पुढे येत नाही. सिंगापूरची पंचेचाळीस मिनिटं दहावर आली ती, माझ्या मते, याच कारणाने.

आग्रही: तिथे मी तुमच्यापेक्षा वेगळा निष्कर्ष काढते. नऊ महिन्यांनंतरही त्या मुलींना दिवसा पेंग कमी येत होती. दहा मिनिटं रोजची, वर्षभराची, आणि तीही शिकवण्यांनी भरलेल्या शहरात. म्हणजे संध्याकाळ मोकळी नसतानाही सकाळ बदलण्याचा उपयोग होतो. संध्याकाळ मोकळी केली तर किती होईल, ते कोणी पाहिलेलंच नाही. पण तुमचं एक म्हणणं मला आता सोडवत नाही. मी इतके दिवस 'किती वाजता' या प्रश्नाभोवती बोलत होते. तुमच्या इमारतीचं गणित ऐकल्यावर प्रश्न 'कोणाला' असा होतो. खोल्या जोवर तेवढ्याच आहेत, तोवर सातची घंटा कोणाच्या तरी वाट्याला येणारच. ती पहिलीतल्या मुलाला द्यावी की नववीतल्या? माझं शास्त्र सांगतं, पहिलीतल्याला. सव्वासहाच्या रिक्षात झोपेत डुलणारं पोर पाहिलं की माझाच हात अडतो.

साशंक: आणि माझं व्यवहारज्ञान सांगतं, नववीतल्याला, तो मोठा आहे, सोसेल. पण त्या वहीतली तिरपी रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या मुलाला मी उठवून उभं करत असे, आळशी म्हणत असे. तुम्ही सांगता तसं असेल, तर तो आळशी नव्हता, त्याच्या शरीरात तेव्हा रात्र संपलेली नव्हती. म्हणून मला एवढं तरी मान्य करावं लागेल: जी माध्यमिक शाळा सकाळी भरते तिने पहिल्या तासाला गणित ठेवू नये, चाचणी ठेवू नये, मुलांना आधी पटांगणावर उजेडात न्यावं. त्याला जीआर लागत नाही, मुख्याध्यापकाची सही पुरते.

आग्रही: तेवढ्यावर मी थांबणार नाही. दोन सत्रांत चालणाऱ्या इमारती किती, त्यांत सातला येणारी मुलं कोणत्या इयत्तेची, त्यांना आणखी किती खोल्या लागतील, ही यादी खात्याने जिल्हावार करून छापावी. मग सगळ्यांना दिसेल की मुलांच्या झोपेचा प्रश्न अर्धा तरी बांधकामाच्या पैशांचा आहे.

साशंक: ती यादी झाली तर सही करणाऱ्यांत माझं नाव धरा. पण ती होईपर्यंत एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. नऊचा नियम चौथीला संपतो. या जूनमध्ये जे मूल पाचवीत जाईल, त्याला सकाळी सातला बोलवायला शाळेला त्या निर्णयाची कुठलीही आडकाठी नाही.